प्रार्थनेतला ग

सा वाजला, रे वाजला. दिपमालाने ग ची पट्टी दाबली तेव्हा पेटीतून नुसती हवा सुटली.

बाहेर प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या. योगराज सरांनी वाकून स्वतः ग दाबून पाहिला, दोनदा, तीनदा. मग त्यांनी पेटीकडे न बघता दिपमालाकडे बघितलं. पेटी काल तिच्या घरी होती.

सातवीच्या आठ मुली जूनपासून पेटी शिकत होत्या. त्याआधी एकीनेही पेटीला हात लावलेला नव्हता. सरांनी पट्ट्यांवर स्केचपेनने सूर लिहून दिले होते. उजवा हात वाजवू लागला की डावा भाता विसरायचा, म्हणून जोड्या लावल्या होत्या. एकीने भाता हलवायचा, दुसरीने वाजवायचं. दिवाळीनंतर पेटी पाळीपाळीने एकेकीच्या घरीही जाऊ लागली. आज पहिल्यांदा सगळ्या शाळेसमोर प्रार्थना पेटीवर होणार होती. वाजवायला दिपमाला, भात्याला रूपा.

दिपमाला म्हणत होती की पेटी घरी आणली तेव्हापासून ग असाच आहे. पाडली नाही, पाणी सांडलं नाही, लहान भावाला हातसुद्धा लावू दिला नाही.

सर रूपाकडे वळले. "तिच्याआधी तुझ्याकडे होती. ग वाजत होता?"

"हो सर."

विचार करायच्या आत रूपा बोलून गेली, आणि बोलल्यावर ते मागे घेता येईना.

शनिवारी तिने पेटी घरी आणली तेव्हा पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाव वाढेल म्हणून वडिलांनी, भिकनभाऊंनी, कापूस कमरेइतका भरून ठेवला होता. पेटी ओट्यावर ठेवावी तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागणार, मागच्या खोलीत ठेवावी तर उंदीर. शेवटी भिकनभाऊच म्हणाले, "कापूसवर ठेव. तठे धक्का लागाव नही तिले."

गादीपेक्षा मऊ जागा. रूपा दोन दिवस कापसात बसून वाजवत राहिली. भाता हवा ओढत होता आणि हवेबरोबर येईल तेही ओढत होता. रविवारी दुपारी ग बसला. प्रार्थनेत ग नऊ वेळा येतो. नऊही वेळा नुसती हवा. तिने पट्टी ठोकली, फुंकली, देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली. सोमवारी सर बैठकीला गेले होते, तालीम झाली नाही. शाळा सुटताना तिने झाकणाची कडी नीट लावली आणि पेटी दिपमालाच्या हवाली केली. वर म्हणाली, मस्त वाजते.

"दिपमाला, तू बाजूला बस," सर म्हणाले. "वाजवायला चुकलं तर चालतं. खोटं बोललेलं चालत नाही."

दिपमाला उठली. शाळेच्याच आवारात अंगणवाडी होती आणि तिची आई तिथे सेविका होती. पोरगी वाजवणार म्हणून ती सगळी कामं बाजूला ठेवून दारात उभी होती. दिपमालाने तिकडे बघितलं नाही. रूपाने बघितलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगून टाकावं, आत्ताच, असं वाटलं. पण ती भाताच चाचपत राहिली.

तोवर सरांनी पेटीचं झाकण काढलं, पट्ट्यांची फळी उचलली आणि आत डोळा लावला. ग च्या पितळी पत्तीखालून त्यांनी चिमटीने एक पांढरा तंतू ओढला. त्याच्यामागून बोटभर पुंजका आला.

सरांनी तो पुंजका बोटांत चोळून पाहिला. मग त्यांनी मुलींना विचारलं, "घरात कापूस भरलेला कोणाकोणाच्या आहे?"

सात हात वर गेले. रूपाचा सगळ्यात शेवटी. दिपमालाचे हात मांडीवरच होते. आई अंगणवाडीत, वडील एसटीत, घर भाड्याचं; तिच्याकडे कापूस कुठला असणार.

चूक माझीच, सर म्हणाले. ऐन कापसाच्या दिवसांत पेटी घरोघर फिरवली. रोज थोडा थोडा आत जात राहिला असेल आणि काल नेमका अडकला. कोणाला नाव ठेवायचं? त्यांनी दिपमालाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला पुन्हा पेटीसमोर बसवलं. रूपाला त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण खरं सांगितलं असतं, असं रूपाने मनाशी म्हटलं, आणि हेही खोटंच आहे हे तिला कळलं.

दिपमाला सरकून शेजारी बसली. तिने रूपाकडे हात नेला तेव्हा रूपाने डोळे मिटून घेतले. पण दिपमालाने तिच्या वेणीत अडकलेला कापूस तेवढा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"तुना केसस्मा व्हता," ती हळूच म्हणाली. "भाता धर आते. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

रांगांतली सगळी शाळा पेटीकडे बघत होती. घंटा झाली. रूपाने कापूस मुठीत दाबला आणि दुसऱ्या हाताने भाता हलवू लागली. सा वाजला, रे वाजला. मग दिपमालाच्या बोटाखाली ग वाजला, स्वच्छ, पार अंगणवाडीच्या दारापर्यंत.

अजून आठ वेळा यायचा होता.