अर्ध्या भाड्याची खोली

पहिलं कार्ड.

"याडी, सुट्टीत स्टर्लिंग नावाच्या जुन्या गावी आलो. किल्ला बघितला. पैसे कमी, म्हणून अर्ध्या भाड्याची खोली घेतली. दुसऱ्या पलंगावर कोणीतरी असतो. श्वास ऐकू येतो, तोंड दिसत नाही."

पुसदकडच्या बंजारा तांड्यात, सुखीबाईच्या अंगणात बसून पोस्टमन गोविंदा वाचत होता. धनसिंग तिचा एकुलता लेक, स्कॉटलंडात शिकायला गेलेला.

"विलायतेत जाऊन बी चिंगूसच राह्यला माहा पोट्टा," ती हसली.

दुसरं कार्ड, आठ दिवसांनी.

"याडी, तो काल बोलला, आपल्या गोरबोलीत! इतक्या दूर आपला माणूस. भिंतीकडे तोंड करूनच तुझी चौकशी केली. दिवसा घरी एकटीच असते का, म्हणाला."

सुखीबाई हसली नाही. "गोविंदा, लिही त्याले. आजच्या आज खोली सोड म्हणा."

"लिहितो काकी. पण पोचाले पंधरा दिवस लागते."

तिसरं कार्ड दोनच दिवसांत आलं.

"याडी, त्याने आपल्या घराची वाट विचारली. मी सगळी सांगितली. आज पलंग रिकामा आहे..."

गोविंदा थांबला.

"वाच ना, काहून थांबला?"

"'तो माझे कपडे घालून निघाला.'"

भर दुपार होती. घरात कोणीच नव्हतं. आतून धनसिंगच्या आवाजात हाक आली, "याडी!"

गोविंदाने तिचा हात धरला. "काकी, जाऊ नोको."

"माहा धनसिंग नाही तो," असं म्हणत म्हणतच सुखीबाईने हात सोडवला आणि ती दाराकडे चालू लागली.