भाकरीला तीन मिनिटं

परातीच्या काठाला पिठाचे नऊ गोळे होते, स्टोव्हवर एक तवा आणि अंथरुणात सहा वर्षांची सुजाता. मुक्ताला सोलापुरातल्या गिरणीत पहिली पाळी लागल्यापासून सकाळ तिच्या नवऱ्याच्या, धर्मपालच्या गळ्यात पडली होती. सातला पोरीची शाळा, आठला त्याचं कॉलेज. तिथल्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. त्याने घड्याळ लावून पाहिलं. एका भाकरीला चार मिनिटं लागत होती. जोरात थापली की तीनच.

तिसऱ्या दिवशी पोरीला न्हाऊ घालताना मुक्ताला तिच्या पाठीवर पाच बोटं उमटलेली दिसली.

"पोरीला मारता व्हय?"

"बोट लावलं न्हाय मी."

"मग भाकरी थापता का पोरगी? उद्या खाडा करून हितंच बसते. परत वळ दिसला, तर तिला घिऊन बार्शीला म्हायेरी जाते. कायमची."

सकाळी ती सुजाताच्या उशाशी बसली. धर्मपालने पहिल्या गोळ्यावर थाप मारली.

पालथी झोपलेली पोर कळवळली. उघड्या पाठीवर लाल वळ उठला. तिच्याजवळ कुणाचाच हात गेला नव्हता.

"थांबा ओ!"

त्याने पिठाचे दोन्ही हात वर केले.

थप्. थप्. थप्.

परातीतली भाकरी हललीसुद्धा नाही. सुजाता किंचाळत उठली. पाठीची कातडी फाटून रक्त येत होतं.

मुक्ताने दप्तरातली पट्टी ओढून काढली आणि नवऱ्याचा हात धरून आधी तो मोजला. सव्वासात इंच.

मग पाठीवरचा पंजा मोजला. अकरा.