डिमरमधला दोष

गुहागरच्या किनाऱ्यावर आपलं बोलकं फिरतं घर उभं करून करंदीकरांनी डिमर भिंतीतून उचकटून काढला. उद्याचा रस्ता नकाशावर बघायचा होता, आणि बटण कितीही फिरवलं तरी दिवा मंदच जळत होता.

डिमरच्या वायरी सुटल्या, पण दिवा विझला नाही. त्यांनी दिव्यालाच मीटर लावलं आणि ते नाकाशी धरून आकडा वाचला. दिव्याला पूर्ण बारा व्होल्ट मिळत होते.

"सुलभा, हा डिमर कशालाच जोडलेला नाही," ते बायकोला म्हणाले. "आणि तू आतसुद्धा काळा चष्मा लावून बसतेस. डोळे आलेत म्हणालीस, ते काय महिनाभर येतात?"

"उजेड सोसत नाही मला," सुलभा हळूच म्हणाली. "तुम्हाला दिसेल इतका उजेड गाडी आपणहून वाढवते. आता दिव्यातच आणखी उरला नाही. तुमची नजर उतरतेय हे तिला आधी कळलं, तिने मला विचारलं. मीच म्हटलं, त्यांना सांगू नकोस."

करंदीकर बाकावर बसले. दोघींनी मिळून आपल्याला अंधारात ठेवलं, तेही दिवे लावून.

"मग काल कुंभार्ली घाटातून गाडी कोणी उतरवली?"

सुलभाने गाडीच्या डॅशबोर्डकडे पाहिलं.

"स्टिअरिंग माझ्या हातात होतं, सुलभा."

"तुम्ही शीळ घालत होतात हो," ती म्हणाली. "किती दिवसांनी. कसं सांगणार होते?"