खड्ड्यातली सालं

पासष्टच्या टंचाईत मुंबईच्या मालकांनी निरोप धाडला, की चौक गावच्या बंगल्यापुढचं लॉन खणून भाजी लावा. मी तिथला राखणदार. माझ्या बायकोने, बायजाने, कोपऱ्यात खड्डा केला आणि घरातला ओला कचरा खतासाठी त्यात टाकायला घेतला.

एका सकाळी त्यात फणसाची सालं दिसली. आम्ही फणस आणलाच नव्हता. संध्याकाळी मेहुणा फणस घेऊन आला.

मग असंच होत गेलं. उष्टं खड्ड्यात आधी दिसायचं, जेवण मागाहून यायचं. एकदा माशाचे काटे दिसले, म्हणून बायजाने चूलच पेटवली नाही. दुपारी शेजारच्या सोनुबाईने माशाचं कालवण आणून दिलं.

खड्डा बुजवला, तर सगळं वाफ्यांत दिसू लागलं. वांगी मात्र झकास धरली होती.

आज सकाळी प्रत्येक वाफ्यात उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या. घरात आम्ही दोघंच.

"लगीन तर कुनाचं नाय," बायजा म्हणाली. "मंग ह्यो तेरावा कुनाचा? तुमचा का माजा?"

मी खाली बसून पत्रावळी उचलू लागलो. मातीत फुटक्या बांगड्यांच्या काचा आहेत का, ते बघत होतो.

तीही तेच बघत होती.