फादरांच्या विश्रांतीसाठी

फादरांच्या पत्राला मी, म्हणजे चर्चच्या समितीच्या चिटणीसाने, तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. "सहा महिने सुट्टी द्या. उपदेश करताना समोर कोणी आहे असं वाटेनासं झालंय," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. समिती म्हणाली, "त्यांच्यावाचून इथलं पान हलत नाही, सुट्टी कसली? हवं तर त्यांच्यासाठी प्रार्थना करू." फादरांना नाही म्हणायला माझी लेखणी धजेना. मी निमूटपणे ग्रुपवर सूचना टाकली: "रविवारी फादरांच्या विश्रांतीसाठी प्रार्थना."

लोकांनी विश्रांती म्हणजे चिरविश्रांतीच धरली. दुपारपर्यंत शंभरावर शोकसंदेश आले. गायनवृंदातल्या मावशींचा तर फोनच आला, "चिटणीसकाका, देवमाणूस गेला हो! मग आता रविवारी उपदेश कोण करणार?"

ग्रुपवर खुलासा टाकू का, हे विचारायला मी ओशाळून फादरांकडे गेलो.

"खुलासा कशाला?" ते थकल्यासारखे हसले. "रविवारी दिसेनच की मी सगळ्यांना."

रविवारी चर्च कधी नव्हे ते गच्च भरलं. फादरांनी नेहमीच्याच झग्यात, नेहमीच्याच आवाजात प्रार्थना घेतली, उपदेश केला. मग ते दाराशी येऊन उभे राहिले. मावशींनी डोळे पुसत त्यांचा हात हातात घेतला.

"नवीन आलात ना? छान बोलता. पण आमच्या फादरांची सर नाही हो!"

 

 

समितीला न विचारताच मी त्या दुपारी उत्तर लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं: "सुट्टी मंजूर. निर्धास्त जा, कोणाच्या लक्षात येणार नाही."