भिंतींचे गाल

भिंतींना कान असतात हे जुनंच झालं. सोनटक्का सोसायटीच्या नव्या भिंतींना मात्र गालही होते. एका घरात चपराक बसली की मजल्यावरच्या सगळ्यांचे गाल चुरचुरत. दाढी करताना पाटणकरांची तर अर्धी मिशीच उडाली!

चपराक रोज कुमुदलाच बसे. तिला वाटलं, आता तरी कुणी दार वाजवेल. पण भरली ती सभा.

"भांड्याला भांडं लागायचंच," पाटणकर म्हणाले, "पण आमच्या गालांनी काय घोडं मारलंय? दोघांना मागच्या जुन्या इमारतीत हलवा. तिथल्या भिंती मुक्या आहेत."

भराभर हात वर झाले. कोपऱ्यात उभ्या कुमुदला कुणी काही विचारलं नाही. तिचा नवरा दिगंबर मात्र मुक्या भिंतींचं ऐकून खुशीत हसला.

तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई गाल चोळत उठल्या.

"दोघांना कशाला? हात उचलतो हा एकटा. यालाच हलवा. आणि पोरी, तू माझ्याकडे ये."

मायेनं कुणी हाक मारल्याला इतकी वर्षं लोटली होती, की ही पोरी कोण, म्हणून कुमुद मागे वळून पाहू लागली.