मदतनिसाची चाळिसावी चाचणी

“आता तरी त्याला चुकवून दाखवा, झुनिल्दाबाई!” कंपनीची हिमेना खुर्चीतून जवळजवळ उठलीच.

झुनिल्दा सकाळपासून तेच करू पाहत होती. ‘मेसा’ नावाचं हे कचेरीचं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांनी बाजारात येणार होतं आणि पॅराग्वेच्या राजधानीतल्या, असुन्सिओनमधल्या या गारेगार खोलीत त्याच्या नव्या सोयींची झडती चालली होती. वेड्यावाकड्या याद्यांचे तक्ते चुटकीसरशी सरळ होत होते. निम्मं स्पॅनिश, निम्मं इथली जुनी ग्वारानी असलं घरगुती बोलणं जसंच्या तसं टाइप होत होतं. पण सगळ्यांचा जीव जडला होता तो मदतनिसावर. पडद्याच्या कडेला एक चौकट होती. काय हवं ते तिथे लिहायचं, की मिनिटाभरात मसुदा हजर.

चाळीसपैकी अडतीस चाचण्या पार पडल्या होत्या. उरलेल्या दोन जमल्या, तर मदतनिसाला इथली भाषा शिकवायला कंपनी झुनिल्दाला दोन वर्षांसाठी कोलंबियात, बोगोटाला नेणार होती. नोटरीच्या कचेरीत एकोणीस वर्षं लोकांची खरेदीखतं टाइपरायटरवर बडवलेल्या बाईला कोणीतरी बोलावत होतं! अडचण एकच होती. नवऱ्याला तिने अजून यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

एलादिओ वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. वर्तमानपत्र बंद पडलं. तीन महिन्यांपासून फोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायला जातो म्हणायचा. कामाचा विषय निघाला, की त्याला कुत्र्याला फिरवून आणायची आठवण व्हायची. तक्रारींत सांगण्यासारखं काय असणार, म्हणून तीही कधी खोदत बसली नाही.

“एकोणचाळीस,” हिमेनाने यादी वाचली. “स्थानिक चालीरीत. काहीही विचारा.”

झुनिल्दाने इथल्या गार काढ्यावरून खट्याळपणे टाइप केलं, ‘तेरेरेचा आणखी एक पेला भरू का?’

चौकटीत एकच शब्द उमटला. ‘ग्रासियास.’

“मेले!” हिमेनाने कपाळाला हात लावला. “नुसतं धन्यवाद? अरे बाबा, हवंय की नकोय ते सांग ना! नापास.”

“पास!” झुनिल्दाने टाळीच वाजवली. “अगं, तू पडलीस बोगोटाची. आमच्यात तेरेरेचा एकच पेला सगळ्यांत फिरत असतो तोवर कोणी आभार मानत नाही. ‘ग्रासियास’ म्हटलं, की बास, मला आता नको. बाहेरून आलेला पाहुणा पहिल्याच घोटाला आभार मानतो आणि मग बसतो तहानलेला!”

“पण हे त्याला शिकवलं कोणी? आमच्या यादीत तर नव्हतं.”

“कोणी शिकवायला कशाला हवं? हुशार आहे माझा पठ्ठ्या,” झुनिल्दा म्हणाली. पोटच्या पोराचं कौतुक करावं तसा तिचा चेहरा फुलला होता.

“चाळिसावी. अवघड पत्र. तुम्हाला स्वतःला लिहायला जमणार नाही असं.”

झुनिल्दाने खुर्ची पुढे ओढली. मग तिने एका दमात टाइप केलं. ‘नवऱ्याचं नाव एलादिओ. सव्वीस वर्षांचा संसार. मला दोन वर्षं बोगोटाला जायचंय. फार जायचंय. त्याला दुखवायचं नाही, पण थांबायचंही नाही. माझ्या वतीने लिही. झुनिल्दा.’

एक मिनिट गेलं. दोन गेली. चौकट कोरीच.

“अडकला वाटतं,” हिमेना नखं खाऊ लागली. “आज नेमकं हे!”

“थांब गं. विचार करत असेल.”

सातव्या मिनिटाला पत्र आलं.

‘एलादिओ, मी जाते आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं नाव घेऊन मला बोलावलं आहे. तू अडवशील म्हणून सांगायला जड जात नाही. तू अडवणार नाहीस, म्हणून जड जातं. तुझी, झुनिल्दा.’

झुनिल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत तिला जे शब्दांत धरता आलं नव्हतं, ते त्या चौकटीने चार ओळींत धरलं होतं. हिमेनाने तिला कडकडून मिठी मारली, खोलीभर टाळ्या झाल्या, कोणीतरी गरम चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, आणून वाटले. पत्राची छापील प्रत घडी करून झुनिल्दाने पर्समध्ये ठेवली. बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती. आज रात्रीच्या जेवणाआधी पत्र द्यायचं, तिने ठरवून टाकलं.

ती घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. एलादिओ अंगणात बसला होता. कपाटावरची मोठी सुटकेस त्याने खाली काढली होती, पुसून लख्ख केली होती आणि आता तो तिच्या चेनवर मेणबत्ती घासत होता.

“अरे, ही कशाला काढलीस?” झुनिल्दाचा हात नकळत पर्सवर गेला.

“चेन अडकत होती.” त्याने वर पाहिलं नाही. “पत्र तर मी लगेच लिहिलं होतं गं. सात मिनिटं गेली ती शेवटी ‘तुझी’ लिहावं की नको, यात.”